उपासाची गोळी

"शी काळी म्हणजे किती काळी?" यामिनीनं विचारलं.

"नव्या रस्त्याचं डांबर असतं ना, तेवढी." सासूबाई, म्हणजे घरच्या अम्मा, नैवेद्यासाठी नारळ खवत होत्या. शौचाबद्दल त्या हवापाण्याइतक्या मोकळेपणानं बोलत. "चक्करही येते. वय झालं, दुसरं काय!"

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात काल कामाच्या वेळात यामिनीनं इंटरनेटवर नेमकं हेच वाचलं होतं. दुखण्यावरच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेत राहिलं की आत रक्त वाहू लागतं आणि ते काळं होऊन बाहेर पडतं.

आज पुरट्टासी या तमिळ महिन्यातला उपासाचा शनिवार. पेरुमाळला, म्हणजे विष्णूला, नैवेद्य दाखवेपर्यंत अम्मांच्या पोटात अन्नाचा कण जाणार नव्हता. गुडघ्याची गोळी तेवढी जाणार होती. ती खवणीशेजारी तयारच होती.

"अम्मा, डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितलंय."

"उपास माझा आहे. गुडघ्यांचा नाही."

"मग पोटाचं ते गुलाबी औषध तरी घ्या."

"अय्यो! ते गोड लागतं गं. गोड लागलं की ते अन्न, उपास मोडतो. गोळी कडू, म्हणून ती औषध."

यामिनीला आता खरंच जाणून घ्यायचं होतं. "कडू आहे हे कुणी सांगितलं?"

अम्मा थबकल्या. या घरात पाणीसुद्धा भांड्याला ओठ न लावता वरून ओतायचं. गोळीही तशीच थेट घशात पडायची. तिची नि जिभेची आजवर भेटच झाली नव्हती.

"चाटून बघा."

अम्मांनी ती लाल गोळी चाटली. खात्री करायला पुन्हा चाटली.

"साखर," त्या म्हणाल्या. मग देव्हाऱ्याकडे न बघता, हळूच, "सगळ्या एकादश्या गेल्या गं. सगळे शनिवार गेले."

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"आत्ताच्या आत्ता!"

"हो, पोटात रक्त—"

"पोटाचं राहू दे. माझे उपास मोडले त्यानं. जाब विचारते."

यामिनीनं लगेच चपला पुढे केल्या आणि चाटलेली गोळी कागदात गुंडाळून हातात घेतली.

जिन्यात दुसऱ्याच पायरीवर अम्मांचा तोल गेला. यामिनीनं झटकन त्यांचा दंड धरला.

"मला काय धरतेस?" अम्मा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाल्या. "ती गोळी नीट धर. पुरावा आहे तो."