शेवटचा नारळ

नारळी पुनवेला खाडीत शेवटचा नारळ सोडायचा मान आमच्या घराचा, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. पंचाण्णव साली सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यातल्या प्लॉटसाठी वंशावळ लागली, म्हणून मी अलिबागला जुने कागद काढले. त्यांत पणजोबा सापडले. चोरून मीठ पिकवणाऱ्या तिघा गाववाल्यांची नावं त्यांनी इंग्रजांना दिली होती. तिघेही तुरुंगात मेले. त्यातला एक शेजारच्या हिराजीकाकांचा आजोबा. वंशावळीवर पंच म्हणून नेमका काकांचाच अंगठा हवा होता. आमच्या दिवाळे गावी परतून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी अंगठा उठवला. "म्हाईत हाय. म्हनून तर गावानं तुमचा नारळ समद्यांच्या मागं ठेवला." मग शाई पुसत म्हणाले, "तुज्या बापाला सांगू नको." पुनवेला सगळ्यांचे नारळ सोडून झाले. बाबा नवी टोपी घालून पुढे निघाले. "बघ," मला म्हणाले, "अख्खा गाव आपल्यासाठी थांबलाय."