सांडव्याचे दगड

वरच्या रानात पाय टाकताच बद्रीनाथच्या चपलेखाली खडी वाजली आणि म्हातारा जागीच थबकला. खडी वाजायचं कारणच नव्हतं. तिथं तळ्यातला काळा गाळ होता, दर उन्हाळ्यात त्यानं बैलगाडीनं ओढून आणलेला, शेणखतात कालवून हातानं पसरलेला. रातभर परतीचा पाऊस कोसळला होता खरा, पण असले पाऊस केदारखेड्याच्या या उतारानं थोडे का पाहिले? आज मात्र गाळ गेला होता आणि खालची पांढरी चुनखडी उघडी पडली होती. या चुनखडीत ज्वारी उगवते, वीतभर होते आणि पिवळी पडून बसते.

त्यानं खाली पाहिलं. खालचं रान धाकट्या भावाचं, भारतचं. तिथं काळाभोर चिखल साचला होता.

"भारत्या! माझी माती!"

भारत आपल्या रानात साचलेलं पाणी काढत होता. तो फावडं तसंच टाकून वर आला.

"भाऊ, आधी ऐका तर."

"काय ऐकू? सांडवा उघडल्याबिगर माती खाली येती का?" बद्रीनाथनं मूठभर पांढरी माती उचलून त्याच्यापुढं धरली. "हे बघ, हे! सख्ख्या भावाला चुना लावला तू. तिफण बांधून ठेवली व्हती म्या. आता काय पेरू, तुझं डोस्कं?"

गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, हे रान म्हाताऱ्याला किती लागतं ते. पोरगा अंगद जालन्याला, मस्तगडात घर करून राहिलेला. तो येईल तेव्हा एकच पाढा लावायचा, आबा, चला तिकडं. आणि म्हाताऱ्याचं ठरलेलं उत्तर, "ज्या साली वरच्या रानात ज्वारी व्हणार न्हाई, त्या साली येतो. तवर नाव काढू नगंस." म्हणून तर तो गाळ ओढत होता. कंबर मोडली तरी ओढत होता.

"आईची आण घेतो," भारत म्हणाला. "सांडव्याला म्या हात लावला न्हाई. चला, डोळ्यानं बघा. मंग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

दोघं बांधाच्या कोपऱ्यावर गेले. जास्तीचं पाणी निघून जावं आणि माती मागं राहावी म्हणून बद्रीनाथनं तिथं दगडी सांडवा रचला होता. आता त्या जागी नुसतं भगदाड होतं, पार तळापर्यंत.

पाण्यानं फोडला असता तर दगड उतारावर विखुरले असते. पण दगड बांधावर होते, एका अंगाला, नीट रचलेले. मोठे खाली, मधले वर, प्रत्येकाची सपाट बाजू आभाळाकडं. आणि सांदीत ठोकायच्या बारक्या कपच्या शेजारी वेगळ्या, ढीग करून.

बद्रीनाथ हळूच उकिडवा बसला. दगड उपसला तर भिरकावायचा न्हाई, पुन्हा तोच लागतो. कपच्या येगळ्या ठेवायच्या, मातीत मिसळू द्यायच्या न्हाईत. हे त्यानं आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं होतं, याच बांधावर, कान पिळून पिळून. भारतला तर ते कधी जमलंच नाही.

"माझं काम असतं तर दगड पार वढ्यात गेले असते," भारत खाली बघत म्हणाला. "परवा दसऱ्याला आल्ता तवा पहार घेऊन इकडं आलेला दिसला मला. वाटलं, बाप थकला म्हणून पोरगं डागडुजी करून राह्यलंय. बरं वाटलं बगा, भाऊ."

भावानं लुटलं असतं तर भांडता आलं असतं, चार माणसं गोळा करता आली असती, वर्षभर अबोला धरता आला असता. आता कुणाच्या नावानं बोंब मारायची?

"मला माफ कर, भारता."

"ते राहू द्या."

तेवढ्यात कोपरीच्या खिशात फोन वाजला. अंगदच होता.

"आबा, लई पाऊस झाला म्हणे तिकडं?"

"झाला."

"वरचं रान कसं हाये?"

एरवी हा पोरगा बीपीच्या गोळ्यांचं विचारायचा, जेवणाचं विचारायचा. रानाचं आज कित्येक वर्षांनी विचारत होता. बद्रीनाथनं फोन या कानाचा त्या कानाला केला.

"माती गेली सारी."

"अरेरे," अंगद म्हणाला. मग लाडीगोडीच्या आवाजात, "जाऊ द्या, आबा. आता जिवाला त्रास करून घेऊ नका. खोली तयार करून ठेवलीय तुमची, खिडकीपाशी पलंग टाकलाय. तुमीच म्हणल्ते ना, ज्वारी न्हाई झाली तर येतो म्हणून?"

"म्हणल्तो."

"मंग कधी येऊ न्यायला?"

बद्रीनाथनं ढिगातली एक कपची उचलली. तिला चिकटलेला मातीचा कणसुद्धा पुसून काढलेला होता. ती त्यानं अंगठ्यानं चाचपली आणि होती तिथंच ठेवली.

"दगड बराबर रचलेस, बाळा," तो म्हणाला. "एक कपची सुदीक हारवली न्हाईस."