थोरलीला हात लावायचा न्हाई

"थोरलीला हात लावायचा न्हाई," लालासाहेबांनी पुन्हा बजावलं.

विट्यातल्या मुजीबच्या कॉम्प्युटर दुकानात काउंटरवर एक टॉवेल उलगडून ठेवला होता आणि त्यात दोन हार्डडिस्क होत्या. गावच्या डीपीवर वीज पडली आणि लालासाहेबांच्या घरातले दोन्ही कॉम्प्युटर एका दणक्यात गेले. डिस्क तेवढ्या वाचल्या. आता त्या कॉम्प्युटरच्या एकाच नव्या डब्यात बसवायच्या होत्या.

"सुरू करताना त्यानं इचारलं पायजे, हिच्यात जायचं का तिच्यात," लालासाहेब म्हणाले. "दोघी एका घरात नांदू देत. पर एकीनं दुसरीच्या वाटंला जायचं न्हाई."

मुजीबला हसू आलं. सैन्यातून निवृत्त झालेला हा सुभेदार एरवी शब्द मोजून बोलायचा, आणि डिस्कबद्दल मात्र लेकीसुनांबद्दल बोलावं तसं बोलत होता. थोरली आणि धाकटी! मुजीबला ही नावं फारच आवडली.

"सुभेदार, थोरलीत हाय तरी काय एवढं?"

"आमच्या अंकिताची रेकॉर्डिंगं. जत भागात वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या पोरीनं. मेंढपाळांच्या म्हाताऱ्यांची गाणी गोळा केली, निम्मी कानडी, निम्मी मराठी. त्यातल्या लय जणी आता ऱ्हायल्या न्हाईत, मुजीब. पुन्यांदा कोण गाणार?"

"दुसरीकडं कुठं ठेवलंय का न्हाई?"

"त्यासाठीच तर सांगलीला गेलीया. नवी डिस्क आणायला."

"मग ती येऊ द्या की. घाई कशाला?"

"उद्या सकाळी पोरीची घरनं ऑनलाइन परीक्षा हाय. थांबून जमत न्हाई." लालासाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "धाकटीचं सगळं पुसून टाक. पार कोरं कर. नुसतं पिच्चर भरल्यात, आन व्हायरस. पर काय उघडून बघायचं न्हाई हां. पोरीबाळींचं असतंय."

हे मुजीबला सांगायची गरज नव्हती. मागे एका दुकानातून कुणाच्या तरी लेकीचे फोटो बाहेर फुटले होते, आणि त्या घराला गाव सोडावं लागलं होतं. तेव्हापासून मुजीबने कानाला खडा लावला होता. गिऱ्हाइकाचं काहीही तो उघडून पाहत नसे. म्हणून तर बायामाणसांचं काम असलं की लांबून लांबून लोक त्याच्याकडेच येत. त्याला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

त्याने डिस्क उलटून लेबलं वाचली. एक दोन टीबीची, दुसरी जेमतेम पाचशे जीबीची. मोठी ती थोरली, लहान ती धाकटी. थोरली कोरी करकरीत होती, धाकटीचं लेबल पिवळं पडून कडेला उचकटलं होतं.

थोरली त्याने टॉवेलात गुंडाळली आणि लालासाहेबांच्या मांडीवर ठेवली.

"ही धरून बसा. डब्यात वायरच जोडलेली नसली, तर हिला पुसणार कोण?"

लालासाहेबांनी टॉवेल दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

धाकटी एकटीच डब्यात गेली. मुजीबने विंडोजचा पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एकच डिस्क दिसत होती, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. तरीही पुसायच्या बटणावर आल्यावर त्याचं बोट अडलं. इतकी वर्षं हेच काम करत होता, पण या एका जागी तो दरवेळी थबकायचाच.

तेवढ्यात लालासाहेबांचा फोन वाजला. अंकिताच होती. आवाज दुकानभर ऐकू येत होता.

"आबा, माझी डिस्क कुठं हाय?"

"माझ्या मांडीवर! टॉवेलात गुंडाळून बसलोय."

"नक्की?"

"आगं, सीमेवर पहारा दिलाय मी. एका डिस्कीचा जमंना व्हय?"

ती हसली. "बस मिळाली मला. येते मी. तोवर तिला अंतर देऊ नका."

फोन बंद झाला. मुजीबने वळून पाहिलं.

"सुभेदार, शेवटचं इचारतो. धाकटीचं सगळं जाणार. मागनं मी न्हाई, तुमी न्हाई, कुणीच परत आणू शकणार न्हाई."

"जाऊ दे गड्या. दाब."

मुजीबने बटण दाबलं. वरवर नाही, आतून पार घासून कोरं करायचं काम त्याने लावलं. मध्येच वीज गेली. इन्व्हर्टरने सावरलं. सबा, त्याची बायको, आतून चहा घेऊन आली. लालासाहेबांनी कप घेतला तो एका हाताने. दुसरा हात टॉवेलावरून निघाला नाही.

धाकटी कोरी झाली, तिच्यावर नवं विंडोज चढलं, आणि ती झकास सुरू झाली. मुजीबने मशीन बंद केलं.

"द्या आता थोरलीला."

लालासाहेबांनी टॉवेल जड मनाने सोडला. मुजीबने वायरी जोडल्या. सुरू करताना एक कळ दाबून धरली आणि पडद्यावर दोन नावं एकाखाली एक आली. दोघी एका घरात, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. काम मनासारखं झालं होतं.

"आता थोरली सुरू हुतीया का दाव," लालासाहेब म्हणाले. "आत जाऊ नगंस. नुसतं दार दाव. अंकिताला सांगतो, म्हंजे तिचा जीव भांड्यात पडंल."

मुजीबने मोठ्या डिस्कचं नाव निवडलं. पडदा काळा झाला. नव्या डब्यात तिला जुळवून घ्यायला वेळ लागत होता. लालासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मग पडदा उजळला. मधोमध एका हसऱ्या मुलीचा फोटो आला, आणि त्याखाली पासवर्डच्या चौकटीवर नाव. क्रांती.

मुजीबने नाव दोनदा वाचलं.

"सुभेदार," त्याने हळूच विचारलं, "ही क्रांती कोण?"

लालासाहेबांचा चेहरा कौतुकाने फुलला.

"आरं, वळखली न्हाईस व्हय? आमची धाकटी!"