झुल्हुमोरचा नंबर

"जुनं सिमकार्ड काढ आणि दे इकडे," उल्मासची आत्या झुल्हुमोरला म्हणाली आणि तिनं तळहात पुढे केला.

साखरपुड्याची ताटं दस्तरखानावर मांडलेली होती. नान, हलवा, अतलसचं रेशमी कापड, कानातले. शेवटच्या ताटात रेशमी रुमालावर नवाकोरा फोन. नवरदेव उल्मास दूर परदेशात, कझानला फरशा बसवतो, त्याच्याकडून आलेला. आत कार्ड घातलेलंच होतं, तेही उल्मासच्याच नावावरचं. आमच्या मर्गिलान शहरात हे आता कानातल्यांइतकंच ठरून गेलंय. फोन मुलाकडचा, नंबर मुलाकडचा, आणि मुलीचा जुना नंबर कचऱ्यात. का, असं कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

"वर्षभराचा पॅक आहे," आत्याबाई कौतुकानं सांगत होत्या. "कितीही बोल, कितीही नेट वापर. शिवाय रोमिंग!"

"रोमिंग कशाला, आत्याबाई? ते देशाबाहेर गेल्यावर लागतं. तुमचा निरोप तर असा होता की लग्नानंतर शेजारच्या फरगण्यालासुद्धा विचारूनच जायचं."

आईनं, साबोहतबाईंनी, तिला हळूच चिमटा काढला.

झुल्हुमोर केक करते. अर्ध्या मर्गिलानचे वाढदिवस तिच्या ओव्हनमधून बाहेर पडतात आणि प्रत्येक खोक्यावर तिचा नंबर छापलेला असतो. दुकान नाही, पाटी नाही. नंबर हेच दुकान. तो गेला की सगळं गेलं. हे आत्याबाईंनाही कळत होतं, म्हणून तर हात पुढे होता.

तिनं आपला जुना फोन घेतला, कानातल्याच्या तारेनं कार्डाचा खण उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. खण रिकामा होता.

आत्याबाईंचा चेहरा फुलला. "आधीच फेकलंस? बघा साबोहत, याला म्हणतात वळण! सांगायची वेळच आणली नाही पोरीनं."

साबोहतबाईंच्या जिवात जीव आला. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. फोन कपाटात राहिला असता, नंबर चालू राहिला असता, कुणाला पत्ताही लागला नसता. शहाण्या मुली असंच निभावून नेतात.

झुल्हुमोरला ते शहाणपण जमलं नाही. न केलेल्या गोष्टीची शाबासकी तिच्या घशाखाली उतरेना.

"फेकलं नाही," ती म्हणाली. "नंबर आतच आहे."

"आत कुठं? खण तर रिकामा आहे!"

"ई-सिम आहे, आत्याबाई. ते कार्ड सारखं हलायचं. ऐन ऑर्डरीच्या वेळी नेटवर्क गायब. म्हणून कंपनीच्या दुकानात जाऊन बदलून घेतलं. याची चिप फोनच्या पोटातच असते. त्यांनी एक क्यूआर कोड दिला, त्यावर कॅमेरा धरला, नंबर आत जाऊन बसला."

"मग काढ बाहेर."

"हातानं निघत नाही. पुसावा लागतो. आणि मी पुसणार नाही."

आत्याबाईंनी डोळे वटारले. "नंबर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. माझ्या पासपोर्टवर घेतलाय."

"आमच्या घरात एकाही सुनेच्या नावावर नंबर नाही. चांगल्या घरच्या मुलींना परक्या पुरुषांचे फोन येत नाहीत!"

"कसले परके पुरुष? पोरांचे बाप असतात ते. केकवर घोडा काढू की मोटार, एवढंच बोलणं होतं."

आत्याबाईंनी मोर्चा आईकडे वळवला. "ऐकलंत? घरात बाप नसला की मुली अशाच होतात."

साबोहतबाईंनी चहाची किटली उचलली. आमच्याकडे पाहुण्याचा पियाला अर्धाच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येतो. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ एकच, निघा आता. बाईंनी पियाला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी आत्याबाईंपुढे ठेवला.

आत्याबाई ताडकन उठल्या. झुल्हुमोरही उठली. तिनं नव्या फोनमधलं कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि फोन रुमालात गुंडाळून दिला.

"हे त्यांचं आहे. त्यांना द्या."

इतका चांगला मुलगा पुन्हा सांगून येईल याची काही खात्री नव्हती, आणि उल्मास तिला आवडला नव्हता असंही नाही. पण आता मागे फिरायचं नव्हतं.

फाटकाशी आत्याबाई थबकल्या. आवाज जरा उतरला होता. "संध्याकाळी उल्मास फोन करेल. या नव्या नंबरवर. आणि हे कार्ड तर माझ्या पर्समध्ये. मी काय सांगू त्याला?"

"माझा नंबर द्या. त्यांना लग्न करायचं असेल तर तसं सांगू देत, मोडायचं असेल तर तसं सांगू देत. मी उचलेन."

आत्याबाईंनी पर्समधून चष्मा काढला, आपला फोन काढला.

"सांग. हळू सांग."

झुल्हुमोर एकेक आकडा सांगत गेली आणि त्या एका बोटानं दाबत गेल्या. शेवटी बोट थांबलं.

"नाव काय घालू? आत्ताच 'सून' तर घालता यायचं नाही."

"झुल्हुमोर घाला," ती म्हणाली. "लग्न झालं तरी तेच राहू द्या."