दोन ब्रेकची गाडी

"गिअर बदल," मास्तर म्हणाले. "इंजिन बिचारं रडतंय."

"चढ आहे ना रे," फोटोवाले म्हणाले, पण बदलला.

पाऊस एका लयीत पडत होता. एका बाजूला भिजून काळे झालेले कडे, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि मधून वळणं घेत जाणारा रस्ता. मास्तरांचं लक्ष मात्र मित्राच्या पायांकडे होतं. आज ते सहलीला आले नव्हते, परीक्षा घ्यायला आले होते. फोटोवाल्यांना ते सांगितलेलं नव्हतं आणि मास्तरांना आतून तेच खात होतं.

सकाळी सूनबाईनं विषय काढला होता. "बाबा, फोटोकाकांच्या मुलीचा फोन होता. काकांना गाडी अजून झेपते का, तिला काळजी वाटते. तुम्ही एकदा बघाल? समुद्राकडून चक्कर मारून या दोघं. आपली शाळेची गाडी न्या."

शाळेची गाडी म्हणजे मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलची. शाळा बंद झाली, पण मास्तरांनी गाडी ठेवली होती आणि शेजारच्या सीटपुढचा दुसरा ब्रेकही. शिकाऊ माणूस गडबडला की शेजारी बसून तो दाबायचा. अर्ध्या गावाला मास्तरांनी असंच जिवंत ठेवून शिकवलं होतं. फोटोवालेही त्यातलेच.

बायको गेल्यापासून फोटोवाल्यांना गाडीशिवाय होतं काय? मनात आलं की निघायचं, चार ढग टिपायचे, परत यायचं. किल्ली काढून घेणं म्हणजे माणसाला घरात कोंडणं. म्हणून मास्तर चुका धरताना हात आखडता घेत होते. तरी त्या दिसायच्या त्या दिसतच होत्या.

सरळ रस्त्यावर फोटोवाल्यांनी उगाच वेग कमी केला.

"काय झालं?"

"पुढे दरड आलीये. पाटी होती."

"कुठे होती?"

"गेली मागे."

पुढे दरड निघाली खरी, पण पाटी काही मास्तरांनी पाहिली नव्हती. अंदाजानं हाकतोय गडी, ते मनात म्हणाले.

दीपगृहाखाली चहा झाला. "परतताना तू घे मास्तर," फोटोवाले म्हणाले. "तुझ्या शेजारी बसून किती दिवस झाले."

मास्तर खुशीत स्टिअरिंगवर बसले. हात काही विसरले नव्हते आणि पाय तर त्याहून हुशार. रेनकोटातला सायकलवाला आडवा आला, तेव्हा मास्तरांच्या मनात यायच्या आत पेडल पायाखाली आपसूक खाली गेलं होतं. वळणावर बंद पडलेला ट्रक, पुलावर चढलेलं पाणी, तिथेही तेच. उभ्या जन्माची सवय, पायाला वेगळं सांगावं लागत नाही. मास्तरांना फार बरं वाटलं.

समुद्रावर ढग फाटून उजेड उतरला. "तो बघ," मास्तर म्हणाले.

"हं." फोटोवाल्यांनी मानही वळवली नाही. ते समोरच्या रस्त्याकडे टक लावून बसले होते. कॅमेरा मांडीवर तसाच. याला कळलं वाटतं, मास्तर मनात म्हणाले.

"एक सांगू? रागावू नकोस," ते शेवटी म्हणाले. "तू आता गाडी सोड. म्हणशील तिथे मी नेत जाईन तुला."

फोटोवाल्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला.

"सोडणाऱ्याला फार लागत असेल ना रे?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"लागणारच. पण आपल्या माणसानं सांगितलं की सोसतं."

"तोच विचार करतोय," फोटोवाले म्हणाले.

घराच्या दारात सूनबाई छत्री घेऊन उभी होती. फोटोवाल्यांनी हात पुढे केला. "उतर तू. गाडी मी आत लावतो."

"लाव," मास्तर म्हणाले. शेवटची म्हणून लावू दे, असं त्यांच्या मनात आलं. पायरीवर ते सूनबाईच्या कानाशी वाकले. "त्याच्या मुलीला कळव, त्याला आता जमत नाही. जरा गोडीनं सांगा म्हणावं." मग डोळे पुसत ते आत गेले.

फोटोवाले लंगडत आले. उजव्या पोटरीला गोळा आला होता. त्यांनी किल्ली सूनबाईच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटवली.

"मास्तरबद्दलची तुझी शंका खरी होती, पोरी," ते हळूच म्हणाले. "येताना सगळे ब्रेक मीच दाबले."