रविवारची शिकवणी

"आई, मशीनचे खालचे दाते उतरव. आता कापड आपोआप सरकणार नाही, तू हाताने फिरवायचंस," हॅलिफॅक्सहून मृण्मयी व्हिडिओ कॉलवर सांगत होती. शैलजाताईंनी फोन डाळीच्या डब्याला टेकवला होता. जुन्या साड्यांच्या थरांवर दोन्ही हात पसरून त्यांनी मशीन सुरू केलं आणि टाके वाटेल तिकडे धावले. लेक इतकी हसली की त्यांनाही हसू आवरेना.

दर रविवारी संध्याकाळी इचलकरंजीच्या घरात ही शिकवणी चालायची. हळूहळू हात बसला. गोधडीवर वेली आणि पानं सलग उमटू लागली.

"सुरेख. आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही," मृण्मयी कौतुकाने म्हणाली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामात असेल, म्हणून शैलजाताईंनी मन आवरलं. पुरी झालेली गोधडी त्यांनी उलगडली, घडी घातली, पुन्हा उलगडली. शेवटी स्वतःच फोन लावला.

"दोरा सारखा तुटतोय गं."

"मशीन दाखव बरं." मृण्मयीने निरखून पाहिलं. "आई, दोरा तर धड आहे."

शैलजाताईंनी मशीनवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "हो. तुझ्याशी बोलावंसं वाटलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब, मीही माझं मशीन काढते," मृण्मयी म्हणाली. "आज मला कुठे जायचं नाहीये."

शैलजाताईंनी कपाटातून आणखी एक साडी काढून अंथरली.