आमचे हे दिसत नाहीत

दुकानात आलेल्या काकूंनी मी दाखवलेला तिसराही टॅब नापास केला. “यातही आमचे हे दिसत नाहीत.”

मी स्क्रीनचा उजेड वाढवला, रंग गडद केले. त्यांनी पेनड्राइव्हवर आणलेले घरचे फोटो पुन्हा पहिल्यापासून सरकवले. नातवाची पहिली पावलं, समुद्रावरची ओली पोरं, झोपाळ्यावर काकू.

“छे! नाहीतच.”

त्यांच्या शेजारीच उभे असलेले काका फिस्सकन हसले. “अगं, दिसणार कसा? चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. घरचे काय नि दारचे काय, सगळे फोटो मीच काढलेत ना!”

काकू आधी बघतच राहिल्या, मग काउंटर धरून हसत सुटल्या. मलाही आवरेना.

“मग आत्ताच काढू की!” मी टॅब उंचावला. “काका, काकूंजवळ सरका.”

“थांब, थांब. उजेड पाठीमागून येतोय, आणि हात केवढा हलतोय तुझा! आण इकडे. तू हिच्या शेजारी उभा राहा, मला अंदाज घेऊ दे. हं... हसा!”

तोच टॅब त्यांनी विकत घेतला. आता त्यांच्या दिवाणखान्यात, त्या टॅबवर, दिवसभर काकूंच्या शेजारी मी हसत असतो.